रंगाचा तिसरा हात

१० नोव्हेंबर २०२४, भरे

या वहीत मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. प्रतिज्ञा अशी: जुईलीचे माझ्याशी आता कोणतेही नाते उरलेले नाही, म्हणून माझ्या शेडमधले विमान रंगून बाहेर पडले की तिने भऱ्याला येणे थांबवावे, आणि तसे मीच तिला सांगावे.

हेतू, म्हणजे कारण, असा. जुईली ही माझा मुलगा दिग्विजय याची पत्नी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचा घटस्फोट झाला. दिग्विजयने टोरांटोला दुसरा संसार मांडला आहे. जिथे विवाहाने आलेले कर्तव्य असते, तिथे नाते असते. इथे ते कर्तव्य राहिलेले नाही. म्हणून नातेही नाही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना याहून अवघड अनुमाने मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घालत असे.

तरीही ती दर रविवारी पुण्याजवळच्या सूसहून स्कूटरवर येते. कारण विचारले तर विमान. दिग्विजयने ते एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबकडून हौसेने घेतले होते. दोन आसनांचे, पंख सुटे केलेले. घरामागच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्या पूर्वीच संपल्या होत्या, तिथे ते ठेवले, आणि परदेशी जाताना त्याने ते माझ्या नावावर केले. जुईली पिरंगुटच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, मी ते उडण्याजोगं करू का?" इंजिन बाहेर दुरुस्त होऊन आले. आता उरला आहे तो पत्रा आणि रंग.

मी होकार का दिला, हे मला नोंदवता येत नाही. परंतु ते प्रतिज्ञेला बाधक नाही.

१७ नोव्हेंबर

आज रंग उतरवण्यास आरंभ झाला. काम एकनाथच्या देखरेखीखाली आहे. हा परवानाधारक विमान-इंजिनिअर. मूळचा लातूरकडचा, राहणार सूसचा, वय चाळिशीच्या आसपास, अविवाहित. बोलतो कमी. त्याने प्रथम नियम सांगितले. रंग सुटवणारे रसायन खिडकीच्या काचेला लागता कामा नये. काच पांढरी पडते. पत्र्यांच्या सांध्यांत ते शिरता कामा नये. आत राहून वर्षानुवर्षे खात बसते. पोलादी घासणी किंवा पोलादी पट्टी वापरायची नाही. तिचे कण मऊ पत्र्यात रुततात आणि तिथून पत्रा सडू लागतो. प्लास्टिकची पट्टी घ्यायची आणि हात हलका ठेवायचा.

नियम कारणांसह सांगणारा मनुष्य मला आवडतो.

सांध्यांवर चिकटपट्टी लावण्याचे काम माझ्याकडे आले. लिलाबाई धुण्यासाठी पाण्याच्या बादल्या आणत होत्या. त्या भऱ्याच्याच, माझा स्वयंपाक करतात आणि माझ्या मतांना उत्तरे देतात.

"सूनबाई, पानी अजून आनू का?"

मी म्हणालो, "लिलाबाई, ती आता सून नाही."

"मग काय म्हनू? पाव्हनी म्हनू? पाव्हन्या काय असं पत्रं पुसत बसत्यात व्हय?"

जुईली पंखाआड होती. हसली की खोकली, ते कळले नाही. रसायनाला वास उग्र आहे.

१ डिसेंबर

रसायन लावले की थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या पडतात, तो फुगतो, आणि पट्टी फिरवली की ओल्या कागदासारखा निघून येतो. पांढऱ्याखाली निळा निघाला. निळ्याखाली पिवळा. प्रत्येक मालकाने जुना रंग न काढता वर आपला चढवला होता. एकनाथच्या मते विमानाच्या बाबतीत ही आळशी माणसाची रीत आहे. रंगालाही वजन असते आणि ते विमानाला वाहावे लागते.

जुईलीने काचांना फॉइल लावली होती, तिचे कोपरे तिने बोटाने पुनःपुन्हा दाबले. दिग्विजय लहान असताना त्याच्या वह्यांना मी कव्हरे घालत असे, तेव्हा असेच कोपरे दाबावे लागत. दुपारी तिने मला हातमोजे काढायला लावले आणि माझे हात स्वतः धुतले, कारण रसायनाचा एक थेंब मनगटावर गेला होता. हे काम मला स्वतःला करता आले असते. मी तसे म्हणालो नाही.

८ डिसेंबर

एकनाथला तर्कशास्त्रात रुची आहे, ही अनपेक्षित गोष्ट आज लक्षात आली. काम संपल्यावर तो निघेना. "सर, ते पंचावयव वाक्य पुन्हा एकदा सांगता का?" मी अनुमानाचे पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. जुईली चहा करीत होती. तो लक्षपूर्वक ऐकत होता, मात्र त्याची दृष्टी स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. एकाग्रतेसाठी काहींना बिंदू लागतो.

जाताना त्याने आईने धाडलेली शेंगदाण्याची चटणी दिली. डबे दोन होते. मी म्हणालो, एकट्या माणसाला एक पुरे. तो गडबडला. म्हणाला, "दुसरा... ह्यांना." जुईलीने तो निमूट पिशवीत ठेवला.

विद्यार्थी म्हणून होतकरू आहे. उदाहरण आणि उपनय यांत मात्र अजून गोंधळतो.

२२ डिसेंबर

सबंध विमान उघडे झाले. रंगाशिवाय ते लहान दिसते, आणि वृद्ध. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या रांगा, कुठे एखादा पोचा, कुठे जुन्या दुरुस्तीचे ठिगळ. जुईली पत्र्यावरून तळवा फिरवीत होती. म्हणाली, "बाबा, आता याचं काहीच लपलेलं नाही."

सायंकाळी दिग्विजयचा फोन आला. "बाबा, अजून ते धूड आहे? विकून टाका ना. आणि ती कशाला येते अजून? तिला दुसरं काही नाही का?"

मी म्हणालो, मालक मी आहे, आणि तिच्या येण्याचा प्रश्न मी स्वतंत्रपणे तपासतो आहे. तो म्हणाला, "तुम्ही कधी बदलणार नाही." हे विधान पुराव्याशी सुसंगत आहे.

तपासणी मात्र खरोखर चालू आहे. त्याचा प्रश्न आणि माझी प्रतिज्ञा एकाच दिशेने जातात, हे आज मला फोन ठेवल्यावर खुपले. असे खुपणे हा आक्षेप नव्हे.

१२ जानेवारी २०२५

प्रायमर झाला, म्हणजे खऱ्या रंगाआधीचा, पत्र्याला धरून बसणारा थर. हिरवट रंग, सर्वत्र सारखा. मला तो निर्दोष वाटला. जुईलीने मात्र पंखावर बोट फिरवले आणि म्हणाली, "धूळ बसली आहे. दाणे लागतात. हा काढून पुन्हा मारू."

एकनाथने त्याच जागी बोट फिरवले. तिच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मारू की. घाई काय आहे."

म्हणजे तीन-चार रविवार वाढले. तिची ही काटेकोर वृत्ती माझ्या सहवासाचा परिणाम असावी. मला समाधान वाटले. हे समाधान विमानाविषयी होते, असे मी नमूद करतो.

तिने येताना भोगीच्या भाजीसाठी हरभरे आणि वालाच्या शेंगा आणल्या होत्या. लिलाबाई आणि ती ओसरीवर शेंगा सोलत बसल्या. मी वाचत होतो, तरी पान उलटले नाही.

२ फेब्रुवारी

रंग कोणता, हा प्रश्न. दिग्विजयने त्या काळी लाल ठरवला होता. जुईली म्हणाली, "तो नको. बाबा, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, निवडीचा अधिकार काम करणाऱ्याचा. मालकी हा निवडीचा हेतू होऊ शकत नाही.

"मी अधिकार विचारत नाहीये. आवड विचारतेय."

आवड मला सांगता आली नाही. तेव्हा एकनाथने खिशातून रंगवलेला पत्र्याचा तुकडा काढला. पिवळा, जर्द नव्हे, ताज्या हळदीच्या कंदाला उन्हात धरावे तसा. जुईलीने बाहेर जाऊन, स्कूटरवर येताना बांधायच्या ओढणीशी तो धरला. रंग तोच निघाला, छटेचाही फरक नाही. ओढणी शेडमध्ये कधी आणलेली नसते; ती स्कूटरलाच अडकवलेली असते. एकनाथची रंगांविषयीची स्मृती असामान्य म्हटली पाहिजे.

लिलाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. बहुधा वासामुळे.

१६ फेब्रुवारी

रंगाचे दोन्ही हात पूर्ण झाले. शेडची जमीन ओली करून धूळ बसवली होती, दारांना ओले पडदे लावले होते. एकनाथने रंग फवारण्याची गन चालवली, जुईलीने नळी धरली. मुखवटे असल्याने बोलणे शक्य नव्हते. तरी कोणी कुठे सरकायचे, हे दोघांना न बोलता समजत होते.

पुढच्या रविवारी पंखांच्या एलेरॉनचा तोल तपासायचा. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी लांबट फळी; तिने विमान कलते. तो तोल जमला की ट्रक येईल, आणि विमान धावपट्टीकडे जाईल.

जुईली हेल्मेट घालताना म्हणाली, "म्हणजे एकच रविवार राहिला, बाबा."

मी म्हणालो, होय. अनुमान बरोबर आहे.

२० फेब्रुवारी

आज शेडमध्ये एकटाच गेलो. उजव्या एलेरॉनच्या मागच्या कडेजवळ रंग मला पातळ वाटला. उन्हात पाहिला, सावलीत पाहिला, वाटतच राहिला. उरलेला रंग आणि त्यात मिसळायचे औषध फळीवर होते. जुन्या पत्र्यांवर गन धरायला एकनाथने मला शिकवले आहे. मुखवटा घालून मी तिसरा हात दिला. मग समता राहावी म्हणून डाव्यालाही.

परिणाम सुंदर दिसतो. यात दोष काढायला जागा नाही. आणि कोणाला जागा सापडलीच, तर आणखी एखादा रविवार लागेल, एवढेच.

२३ फेब्रुवारी

एलेरॉन बिजागरीच्या बिंदूंवर दोन धारदार आधारांत टांगतात. त्याने समतोल राहावे. मागची कड ठरलेल्या मर्यादेपेक्षा खाली झुकू नये. उजवा टांगला. कड सावकाश खाली गेली आणि तिथेच राहिली. डावाही तसाच.

एकनाथने पुन्हा मोजले. मग पृष्ठभागावर नख फिरवले. "ह्याला तिसरा हात आहे."

जुईली म्हणाली, "आपण दोनच दिले होते."

मी म्हणालो, "मी दिला."

मग मी विचारले, एवढ्याशा रंगाने काय होते? एकनाथने आवाज न चढवता सांगितले. मागची कड जड झाली, की वेगात एलेरॉन आपोआप थरथरू लागतो. ती थरथर पंखात जाते. पंख तुटू शकतो. "आणि सर, पहिल्यांदा त्यात जुईली बसणार आहे."

मी शेडमधल्या स्टुलावर बसलो. जुईलीने पाणी आणले आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, विमान पूर्ण व्हायला नकोय का तुम्हाला?"

मी म्हणालो, रंग पातळ होता.

"खरं?"

मी पाणी प्यायलो. ती एकदम हसू लागली, आणि हसताना तिचे डोळे भरले. "जानेवारीतला प्रायमर चांगला होता. एक दाणा नव्हता त्याच्यावर."

एकनाथ जमिनीकडे पाहत म्हणाला, "मला माहीत होतं."

ही माहिती मला जुळवता आली नाही. तिने चांगला प्रायमर का उतरवला? ते दोघे एलेरॉन पुन्हा उघडे करायला घेऊन गेले, तेव्हा मी लिलाबाईंना विचारले. त्या भाकरी थापत होत्या.

"आवो मास्तर, त्या दोघास्नी लगीन करायचंय. आख्ख्या भऱ्याला ठाव हाय. तुमास्नी सांगायला तिचं धाडस व्हईना, म्हनून दिस काढतीया."

"माझ्या परवानगीची तिला आवश्यकता नाही."

"परवानगी कोन मागतंय? तुमी एकलं पडाल म्हनून जीव तुटतोय तिचा. लई शिकलाय तुमी, पर समूरचं दिसत न्हाई."

२४ फेब्रुवारी

दोन डबे. ओढणी. स्वयंपाकघराचे दार. सर्व पुरावा माझ्याच हाताने या वहीत नोंदलेला आहे.

एकनाथ सज्जन आहे. प्रतिज्ञा आता दुप्पट बळकट झाली, कारण ती दुसऱ्या घरची होणार. मला समाधान वाटायला हवे.

२ मार्च

आज मी तिला माझा युक्तिवाद ऐकवला. ओसरीवर बसवून, पायरी पायरीने. तू विवाह कर. एकनाथ योग्य आहे. माझा विचार तुला अडथळा होऊ नये. तू माझे काही देणे लागत नाहीस. म्हणून नाते नाही. म्हणून विमान गेल्यावर तू येण्याचे कारण उरत नाही. माझ्या मते मी तिला मोकळे करीत होतो.

तिने पूर्ण ऐकले. मग म्हणाली, "हे तुम्ही कधीपासून लिहीत होतात?"

"नोव्हेंबरपासून."

"म्हणजे मी तिकडे पत्रा घासत होते, आणि तुम्ही इकडे मला काढून टाकत होता."

मी म्हणालो, काढून टाकणे हा शब्द यथार्थ नाही.

"मग यथार्थ काय? येऊ नको म्हणताय ना?"

"तसे निष्पन्न होते."

चहा ओतलेला होता. ती न घेता उठली. स्कूटरला अडकवलेली ओढणी बांधायलाही थांबली नाही. हातात गोळा करून गेली. लिलाबाईंनी कप उचलला आणि चहा माझ्यादेखत अंगणात ओतला.

युक्तिवाद मी पुन्हा वाचला. कुठे तुटला आहे, ते सापडत नाही. कुठेतरी तुटला आहे.

९ मार्च

एकनाथ एकटा आला. उघड्या केलेल्या एलेरॉनना त्याने दोन हात दिले, मोजून, पातळ. मी नळी धरली. मुखवटे उतरवल्यावर तो म्हणाला, "सर, पुढच्या रविवारी आई येणार आहे. बोलणी करायची आहेत. जुईलीचे आईवडील तर नाहीत. तिला विचारलं, तुझ्याकडून कोण बसणार? ती म्हणाली, बोलणी भऱ्यालाच होतील. आणि बाबा नाही म्हणाले, तर होणारच नाहीत."

"हा हट्ट आहे. यात हेतू नाही."

"नाही, सर," तो म्हणाला. "नाहीच आहे."

पाच अवयव त्याला मी शिकवले. पैकी एकाचाही त्याने उपयोग केला नाही.

१६ मार्च

प्रथम एलेरॉन. दोन्ही टांगले. कड हलली, डोलली, आणि आडवी, समतल राहिली. जुईली लांबून पाहत होती. सकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती, मात्र आल्या आल्या तिने माझ्या औषधांचा डबा उघडून पाहिला होता.

एकनाथच्या आई तुळजाबाई, लातूरहून आलेल्या, कणखर बाई. घरात बसायला तयार नव्हत्या. विमान पाहायचे म्हणाल्या. म्हणून सतरंजी शेडमध्येच, पिवळ्या पंखाजवळ घातली. चहा झाला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"एक विचारते, राग मानू नका. तुम्ही तर हिचे सासरे होतात. आज मुलीकडून कसे बसलात? तुम्ही हिचे कोण?"

एकनाथ म्हणाला, "आई!"

"तू गप रे. विचारलेलं बरं असतं."

प्रश्न न्याय्य होता. त्यासाठी मी तीन उत्तरे तयार केली होती: एक कायद्याच्या अंगाने, एक व्याख्येच्या अंगाने, एक दृष्टांताने. जुईली पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. तिन्ही उत्तरे मला पाठ होती. मी म्हणालो:

"ती मला बाबा म्हणून हाक मारते आणि मी ओ देतो. याहून अधिक मला सिद्ध करता येत नाही."

तुळजाबाई म्हणाल्या, "मग झालं की. अजून काय लागतं? सुपारी आणा."

सुपारी फोडल्याशिवाय लग्न ठरत नाही, आणि माझ्या घरात अडकित्ता नाही. मी पान खात नाही. लिलाबाई म्हणाल्या, "ह्या घरात पुस्तकं सोडून काय बी गावत न्हाई." शेवटी एकनाथने रिव्हेट बसवण्याची हातोडी दिली. कामाच्या टेबलावर फडके घालून मी सुपारी ठेवली. पहिल्या घावाला ती निसटून थेट पंखाखाली गेली. जुईली गुडघ्यांवर रांगत गेली, शोधून आणली, माझ्या हातावर ठेवली, आणि हात सोडला नाही.

"बाबा, मी धरते. तुम्ही मारा."

"बोटाला लागेल."

"हलक्या हाताने मारा ना मग."

दुसऱ्या घावाला फुटली. एक भाग मी तुळजाबाईंना दिला. त्यांनी जुईलीची ओटी भरली. लिलाबाई मोठ्याने म्हणाल्या, "मास्तर, आता तरी सांगा, हिला काय म्हनू?" मी म्हणालो, लेक म्हणा. "ते मी कवाच म्हनत व्हते," असे त्या म्हणाल्या. ते खरे नाही. परंतु मी दुरुस्ती केली नाही.

मंगळवारी ट्रक येईल. निघताना जुईलीने ओढणी नीट बांधली. म्हणाली, "पुढच्या रविवारी शेड धुवायची आहे. रसायनाचे डाग तसेच राहिलेत."

डाग मी पाहिले. फारसे नाहीत. मी म्हणालो, पुष्कळ आहेत.

कबुली

मी, खाली सही करणारा, एक चूक मान्य करतो. कर्तव्य असेल तिथे नाते असते, हे मी गृहीत धरले, आणि त्यावरून कर्तव्य नसेल तिथे नातेही नसते, असे काढले. हे अनुमान सदोष आहे. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत या चुकीखाली मी लाल रेघ ओढत असे. ती रेघ आज या वहीच्या पहिल्या पानावर ओढली. तिसरा हात मी या कबुलीत धरत नाही. ती चूक नव्हती, लबाडी होती.

नरहरी गोविंद अभ्यंकर
भरे, १६ मार्च २०२५